धामापूरच्या जीपचे दरवाजे

युसूफचाचा, तुम्ही गेलात त्याला आज तेरा दिवस झाले, आणि माझा राग अजून गेलेला नाही, हे आधी सांगून टाकते. माणूस गेला की त्याच्याबद्दल गोड बोलायची रीत आहे. तेही बोलणार आहे, बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पण भांडणाच्या मध्येच उठून जाणाऱ्या माणसाला चार शब्द ऐकवल्याशिवाय मला पुढे लिहवणार नाही. बुधवारी संध्याकाळी आपण कडाडून भांडलो. गुरुवारी मी मुद्दाम दुकानात आले नाही. आणि शुक्रवारी सकाळची नमाज पढून तुम्ही जरा आडवे झालात ते उठलाच नाहीत. मला वाटलं होतं, शनिवारी जाऊ आणि काही झालंच नाही अशा तऱ्हेने मशीनवर बसू. आपलं नेहमी तसंच मिटायचं.

तुमचं घराणं कुठलं, वय किती होतं, हातातलं काम कुठे शिकलात, हे तिठ्यावर आठवडाभर सगळ्यांचं सांगून झालं. मला त्यातलं निम्मं नवीनच होतं. मला माहीत आहेत ते समोरच्या दुकानातले चाचा. आचऱ्याच्या तिठ्यावर रस्त्याच्या ह्या बाजूला माझं ब्लाउज शिवायचं दुकान, त्या बाजूला तुमचं गाड्यांच्या सीटा आणि दरवाज्यांची आतल्या बाजूची पॅडं मढवायचं, आणि तुमच्या दुकानाला लागून एसटीचा थांबा. माझ्याकडे बायकांची वर्दळ होती तोवर आपण एकमेकांकडे बघतही नव्हतो. मग तयार ब्लाउज आले, पोरी ड्रेस घालायला लागल्या, आणि मी दुपारभर मशीनवर हात ठेवून एसट्या मोजत बसायला लागले. तेव्हा एक दिवस तुम्ही रेक्झिनचा तुकडा घेऊन रस्ता ओलांडून आलात.

"शैला, माका शिवण दिसना नाय गो. मोतीबिंदू आसा म्हणतत. येवढी एक शिवण मारून दी."

मी मारायला घेतली. एकामागून एक तीन सुया मोडल्या. चौथी मोडल्यावर मी तो तुकडा तुमच्या अंगावर टाकला आणि म्हटलं, "ह्यां काय कापड आसा? ह्यां म्हशीचां कातडां आसा!" तुम्ही शांतपणे तो उचललात, जेवढी शिवण झाली होती तेवढी नखाने चाचपलीत आणि म्हणालात, "सरळ आसा. उद्यापासून माज्या मशीनीर बस." एवढीच माझी नेमणूक.

पुढे तुमचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. तुम्हाला तिठ्याच्या पलीकडून एसटीची पाटी वाचता यायला लागली, आणि शिवण मात्र माझ्याकडेच राहिली. मी एकदा विचारलंही, की आता दिसतंय तर तुमचं तुम्ही शिवा. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "दिसता, पण सरळ दिसना नाय." तेव्हा मला ते खरं वाटलं होतं, चाचा. इतकी मी खुळी.

पहिल्याच महिन्यात मी जी चूक केली ती ब्लाउज शिवणारीच करू शकते. एका डॉक्टरांच्या गाडीची पुढच्या दोन दरवाज्यांची पॅडं नवी करायची होती. तुम्ही मला जुनं पॅड नमुन्याला दिलंत. मी ते हार्डबोर्डवर ठेवलं, रेघ मारली, कापलं. परत ठेवलं, रेघ मारली, कापलं. वर फोम चिकटवला, रेक्झिन ताणून मढवलं, मधोमध तुम्ही सांगितलेल्या दोन शिवणी आधीच घातलेल्या होत्या. दोन्ही पॅडं इतकी देखणी झाली की मी ती भिंतीला टेकवून लांबून बघत उभी राहिले. आणि दोन्ही डाव्या दरवाज्याची! वीस वर्षं कापड दुमडून कापलेलं. एक बाजू कापली की दुसरी आपोआप उलटी निघते, ही सवय हातात मुरलेली. दुसऱ्या वेळी नमुना उलटा ठेवायचा असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तुम्ही दोन्ही पॅडं शेजारी शेजारी धरलीत. ओरडाल म्हणून मी आधीच पर्स काखेत मारून तयार होते.

"दोनूय बरी झाली," तुम्ही म्हणालात. "पण उजव्या बाजून कोण बसूचाच नाय काय?" मग माझा चेहरा बघून हळूच, "ब्लाउजाक कापड दुमडतंस मा? पुठ्ठो दुमडता काय गो?"

संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा तुम्ही तुमच्या ठेवणीतल्या शुद्ध मराठीत म्हणालात, "साहेब, माझी चूक झाली. दोन दिवस थांबावं लागेल." डॉक्टर तुम्हाला नको नको ते बोलले. एवढी वर्षं काम करता आणि डावं-उजवं कळत नाही, असंही बोलले. मी मशीनवर मान खाली घालून उगाचच रिकामी शिवण मारत होते. ते गेल्यावर तुम्ही चहा मागवलात आणि विषय कधीही काढला नाहीत. मीही काढला नाही. आभार मानायचे तर चूक पुन्हा उकरावी लागली असती. आज मानते. त्या दिवशी तुम्ही माझं नाव घेतलं असतंत तर मी रस्ता ओलांडून परत गेले असते आणि परत आले नसते.

तुम्ही माझ्याकडून शिकलात तेव्हाही असेच होतात. पॅडाच्या गोल कोपऱ्यावर तुम्ही रेक्झिन पुडी बांधल्यासारखं दुमडायचात, मागे जाड गठ्ठा व्हायचा, आणि मग पॅड दरवाज्याला नीट बसायचं नाही. मी म्हटलं, गोल गळ्याला आम्ही कातरीने बारीक बारीक काप देतो, मग कापड वळतं. तुम्ही माझ्या हातात कातर दिलीत. कोपरा पापडासारखा सपाट बसला. त्यानंतर जो कोण दुकानात येईल त्याला तुम्ही ते पॅड उलटं करून दाखवायचात, "ह्यां शैलान शिकवलां माका." येणाऱ्याला आपली गाडी कधी मिळणार एवढंच हवं असायचं. आतला कोपरा कोण बघतो? पण तुम्ही पत्रिका दाखवावी तसं दाखवत राहिलात. मला लाज वाटायची, आणि खरं सांगते, ती लाज मला फार आवडायची.

आणि रमजानचे दिवस. पहिल्या वर्षी मी डबा घेऊन मागच्या पडद्याआड जाऊन चोरासारखी जेवत होते. तुम्ही पडदाच बाजूला केलात. "हय बसान जेव. माझो रोजो तुज्या भाकरेन मोडना नाय." नंतर मी तुमच्यासमोर बसून सुक्या बांगड्याशी भाकरी खायचे आणि तुम्ही माझ्याकडे पाठ करून फोम कापत माझ्याशी गप्पा मारायचात. शेवटच्या घासापर्यंत वळायचा नाहीत. तेवढं मात्र तुमचं पथ्य होतं.

आपले वाद काही थोडे नव्हते. रंगावरून तर रोजचा. तुमचं जग काळं आणि मरून ह्या दोन रंगांत संपायचं. मी म्हणायचे, गाडीत बसणाऱ्याला जरा बरं वाटू दे. तुम्ही म्हणायचात, काजूचा चीक, माशाचं पाणी आणि खारी हवा, तिन्हींना काळाच पुरून उरतो. धामापूरच्या दाजींची जीप आली तेव्हा तुम्ही कसे कोण जाणे नरम पडलात आणि म्हणालात, "घे तुका व्हयो तो रंग." मी शेवाळी घेतला, त्याला पिवळसर किनार. चारही पॅडं तयार झाल्यावर तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. "तळ्याच्या पाण्यासारको दिसता," असं म्हणालात. त्यात कौतुक होतं की टोमणा, ते मला तुम्हाला विचारायचं होतं.

पण खरा वाद दुसराच होता, आणि तो पाच वर्षांचा होता. तुमचं म्हणणं, शिवणारा अर्धा कारागीर, बसवणारा पुरा. पॅड मढवलं म्हणजे काम झालं नाही, ते दरवाज्याला बसवलं म्हणजे झालं. आणि मला बसवणं नको होतं. मी तुम्हाला सांगायचे, माझं काम मशीनवरचं, क्लिपा आणि हँडलं माझ्या बापाने कधी बघितली नाहीत. ते निमित्त होतं. खरं कारण तुम्हाला ठाऊक होतं. गाडीचा दरवाजा सताड उघडून त्याच्यासमोर गुडघे टेकायचे, डोकं आत घालायचं आणि पाठ एसटीच्या थांब्याकडे. थांब्यावर दिवसभर दहा-वीस माणसं रिकामी उभी. ती माझ्या पाठीकडे बघत काय काय बोलतील ते मला न ऐकताच ऐकू यायचं. सीटा शिवायला लागले तेव्हाच बोलली होती.

त्या बुधवारी तुम्ही जीपचा ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा बसवून उठलात तेव्हा तुम्हाला गाडीला धरून उभं राहावं लागलं. राहिलेले तीन मला घे म्हणालात. गुडघे आता होत नाहीत म्हणालात. आणि मी काय बोलले, तर, "तुमचे गुडघे दुखतत म्हणान माझी लाज कमी होवची नाय."

तुम्ही म्हणालात, "लाज वायट कामाची धरूची. ह्यां काम आसा."

"तुमका काय जाता सांगूक! तुमी पुरुषमाणूस."

असं म्हणून मी पर्स उचलली. मागे वळून बघितलं नाही. तुमचं शेवटचं दर्शन म्हणून माझ्याकडे काय आहे, तर एक वाक्य. चेहराही नाही.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी चाचीला भेटायला गेले. चाची इद्दतीत बसलेली, चार महिने दहा दिवस घराचा उंबरा ओलांडायचा नाही, परक्या पुरुषाच्या समोर यायचं नाही. मला वाटलं रडेल, मला धरून बसेल. तिने माझा हात धरला आणि पहिलं काय विचारलं असेल?

"ती धामापूरची गाडी तशीच उघडी आसा मा गो?"

मी मान हलवली.

"माणूस गेलो, जबान मागे रवली," चाची म्हणाली. "लोकाची चीज भरवशान ठेवलेली, ती उघडी टाकून ते गेले. माका ताच खाता, शैला. दुसरां कायेक नाय."

तिने दुकानाची किल्ली माझ्या हातात ठेवली. मी "बघतंय" म्हटलं आणि तिथून पळ काढला. घरी येऊन स्वतःला समजावलं, की कुणीतरी माणूस बघू आणि बसवून घेऊ. चार दिवस बघितला. कुणी मिळाला नाही, की मी नीट शोधला नाही, देव जाणे.

किल्ली असून दुकान उघडायला मला आठवडा लागला. उघडलं तर राहिलेली तीन पॅडं माझ्या मशीनला टेकवून ठेवलेली. प्रत्येकाच्या मागे सगळ्या क्लिपा आपापल्या भोकात घातलेल्या, आणि खडूने लिहिलेलं, कुठलं कुठल्या दरवाज्याचं. म्हणजे गुरुवारी, मी रुसून घरी बसले होते तेव्हा, तुम्ही हे करत होतात. ती जीपजवळ न ठेवता माझ्या मशीनशी का ठेवलीत? माझ्यासाठी म्हणून, की दुसरीकडे जागा नव्हती म्हणून? मी त्या स्टुलावर बसून खूप वेळ विचार केला. तुमचा स्वभाव बघता दोन्ही खरं असू शकतं.

काल सकाळी दाजी आले. बिचारे इतके दिवस काही बोलले नव्हते. हातातली टोपी फिरवत म्हणाले, "शैला, काजीचो हंगाम सुरू झालो गो. मी गाडी कणकवलेक न्हेतंय, थंय बसवन देतीत. चाचाक मी काय एक दोष देणा नाय."

मला एकदम दिसलं, की कुणीतरी अनोळखी माणूस तुमच्या खडूच्या खुणा न वाचता ती पॅडं हातोडीने ठोकून बसवतोय. तळपायाची आग मस्तकात गेली. रागाच्या भरात मी आयुष्यात पुष्कळ वाईट कामं केली असतील, पण काल राग माझ्या उपयोगाला आला. म्हटलं, "दाजी, दुपारपर्यंत चाय पिया, पेपर वाचा, काय व्हया ता करा. गाडी हयच बसवन देतंय."

"कोण बसयतलो?"

"मी."

थांब्यावरचा एकजण बोलला, "काय गो, आता तूच मेस्त्री?" उत्तर दिलं असतं तर गुडघे टेकले गेले नसते.

आणि चाचा, मला येत होतं! पाच वर्षं मी शिवताना तिरक्या डोळ्याने तुमच्याकडे बघत होते, बघत नाही असं दाखवून. आधी दरवाज्याच्या तळाची पाणी जायची भोकं माडाच्या हिराने, म्हणजे झावळीच्या काडीने, मोकळी करायची. मग पत्र्यावर प्लॅस्टिक चिकटवायचं, कडेपर्यंत, कारण काचेवरून आत गेलेलं पावसाचं पाणी हार्डबोर्डला लागलं तर एका पावसाळ्यात पॅड फुगून भाकरी होते. मग पॅडाची वरची कड काचेच्या फटीशी अडकवायची, आणि तिथून खाली एकेक क्लिप हाताच्या तळव्याने आत दाबायची. हातोडी नाही, मूठ नाही. पहिली क्लिप भोकात बसली तेव्हा तो 'टक' आवाज मला मनगटात कळला. दुसरा दरवाजा घेईपर्यंत थांब्यावरची माणसं मी विसरलेही होते. मध्येच आठवण झाली म्हणून वळून बघितलं, तर एसटी येऊन सगळी निघून गेलेली. पाच वर्षं मी ज्यांना भ्याले ते आपापल्या गाडीची वाट बघत होते हो फक्त.

तीन दरवाजे झाले. दाजींना म्हटलं, जाताना चाचीच्या घरावरून जाऊया, पाच मिनिटं. ते लगेच हो म्हणाले. त्यांनी गाडी खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, तोंडाशी लावली आणि कुणी न सांगता उतरून लांब माडाखाली पाठ फिरवून उभे राहिले. चाची अर्ध्या लावलेल्या दाराआड येऊन थांबली. मला तिच्या पांढऱ्या ओढणीचं टोक तेवढं दिसत होतं.

"चाची, एकेक दरवाजो लावतंय, आवाज आयक हां," मी म्हटलं.

आधी तुमचा लावला, ड्रायव्हरच्या बाजूचा. मग त्याच्या मागचा. मग पलीकडे जाऊन पुढचा.

"ह्यो खुळखुळता," चाची आतून म्हणाली.

मी परत उघडून लावला. खरंच खुळखुळत होता. तिठ्यावरच्या आवाजात मला ते कळलं नव्हतं. दाजी पाठमोरेच ओरडले, "रवांदे गो, चलात माका!"

"माका चलाचा नाय," मी म्हटलं.

पॅड काढायचं तर आधी हँडल काढावं लागतं, आणि त्याला कपड्याची पट्टी लागते. ती मागून घालून दोन्ही टोकं धरून घासली की आतली तारेची क्लिप सुटते. मी माझ्या ओढणीचंच टोक घातलं. क्लिप उडून कमरेएवढ्या उंच गेली आणि मातीत पडली, ती शोधली. मग चाचीच्या खळ्याच्या तोंडाशी, पाणंदीकडे पाठ करून, मी गुडघे टेकले आणि डोकं दरवाज्यात घातलं. मासे विकून परतणारी एक बाई थांबली, तिच्यामागे आणखी दोघं थांबले. त्यांना माझी पाठ दिसत होती आणि मला खालच्या कोपऱ्यातली वाकलेली क्लिप. ती बदलली. पॅड परत वरून खाली दाबत आणलं. हँडल बसवलं. उठताना माझेही गुडघे दुखले, तेव्हा तुमची आठवण आली आणि डोळे भरले. वाद तुम्ही जिंकलात, चाचा. हे तुमच्या तोंडावर मी कधीही कबूल केलं नसतं, तुम्हीही ते जन्मभर ऐकवलं असतंत. पण ते तुम्हाला ऐकवता यायला हवं होतं. तेवढं मला फार लागून राहिलं आहे. आणि तुम्ही मला जे दिलंत त्याला उपकार म्हणावं तर तुम्हाला राग येईल, म्हणून हात म्हणते. तुम्ही मला हात दिलात.

मी तो दरवाजा लावला. ह्या वेळी खुळखुळला नाही. मग चौथा लावला.

चाची म्हणाली, "आता जांव दे ती गाडी."

दाजी आले, मान खाली घालूनच गाडीत बसले आणि धामापूरच्या रस्त्याला लागले. गाडीचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत चाची दाराआड उभी होती. चाचा, तुमच्याकडे आता कुणाचं काही राहिलेलं नाही.